दरवाज्यात बसलेली बाई

यंदाच्या दिवाळीत माझ्या नातीनं तिच्या बापाची परीक्षा घ्यायचं ठरवलं, आणि त्या परीक्षेचा सगळ्यात जास्त घाम मला फुटला.

नात दहा वर्षांची. तिचा धाकटा भाऊ सहाचा. दोघंही पुण्याची. तिकडे दिवाळी आली की सोसायटीतली पोरं मातीचे किल्ले करतात. विटा रचायच्या, त्यावर ओली पोती, पोत्यांवर लाल माती, मातीवर हळीव पेरायचे म्हणजे चार दिवसांत हिरवं गवत येतं, आणि मग बाजारातले मातीचे मावळे. आमच्या वऱ्हाडात ही रीत नाही. माझा मुलगा अकोल्याकडे वाढला, त्यानं लहानपणी कधी किल्ला केला नाही. पण पुण्यात जाऊन तो असा काही किल्लेदार झाला की विचारू नका. दरवर्षी बापलेक मिळून किल्ला करतात. करतात म्हणजे बाप करतो आणि ती पाणी शिंपडते, असं सोसायटीतलं एक पोर मागच्या वर्षी सगळ्यांदेखत म्हणालं. हे तिनं मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज रडका नव्हता. रडका असता तर मला एवढी काळजी वाटली नसती.

यंदा मुलाच्या कारखान्यात यंत्रांची मोठी दुरुस्ती निघाली. कारखाना दिवाळीत बंद असतो, म्हणून दुरुस्तीवाल्यांची दिवाळी यंत्रातच. सूनबाई दवाखान्यात नर्स, तिलाही सुटी नाही. तेव्हा पोरं आमच्याकडे आधी आली आणि आई-बाप भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं येणार असं ठरलं.

आल्या आल्या नातीनं पाठीवरची पिशवी खाली ठेवायच्या आत जाहीर केलं, "आजी, या वर्षी किल्ला मी करणार. बाबांशिवाय. ते येतील तेव्हा अंगणात तयार पाहिजे. आणि कोणता किल्ला आहे ते त्यांना कुणी सांगायचं नाही. त्यांनी बघून ओळखायचं."

"अन् नाई ओळखला त?" मी विचारलं.

"मग तो मुलगा बरोबर बोलला."

आमचे हे, म्हणजे पोरांचे आबा, झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवला. "मंग नरनाळा कर ना, बाई. आपला आहे. तुया बापाले मी खांद्यावर बसवून नेलं होतं तिथं."

"पण मी तो बघितलेलाच नाही, आबा."

"त पाहून घेऊ. त्यात काय? उद्याच जाऊ. रोडगे करू वर."

त्यांनी 'नरनाळा' म्हणताना माझ्याकडे तिरकं पाहिलं आणि मिशीत हसले. आमच्या घरात नरनाळा म्हटलं की माझ्याकडे बघून हसायची पद्धत आहे. लग्न झालं तेव्हापासून चालू आहे, अजून कुणी थकलं नाही.

रोडगे म्हणजे काय ते पुण्याच्या पोरांना सांगावं लागलं. जाडसर कणकेचे गोळे, पदर पदर लावून वळलेले, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीशी खायचे. हे घरात, गॅसवर करायचं जेवण नव्हे. देवाच्या ठिकाणी, झाडाखाली, उघड्यावरच करायचं. माझ्या सासरची, हिवरखेडची, रीत अशी की घरात नवी सून आली की पहिल्या वर्षी नरनाळ्यावर जाऊन रोडगे करायचे. त्यामुळे आमच्या यांच्या डोक्यात किल्ला आणि रोडगे ही एकच गोष्ट आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबे भरून बाहेर येते तर गाडीची मागची डिकी गोवऱ्यांनी भरलेली.

"आबा, हे काय आहे?" नातू नाक दाबून म्हणाला.

"गॅस सिलेंडर," हे म्हणाले.

अकोटच्या पुढे सातपुडा दिसायला लागला आणि जंगल खात्याच्या नाक्यावर गाडी थांबली. तिथून वर उघडी जिप्सी घ्यायची, सोबत खात्याचा माणूस. त्या माणसानं डिकी उघडून बघितली आणि बघतच राहिला.

"काका, गोवऱ्या काहून आणल्या?"

"रोडगे करतो नं वर."

"वर इस्तो पेटवता येत नाई, काका. वाघाचं जंगल आहे."

"आमी काय वाघ भाजून राहिलो काय?"

"तसं नाई, काका. पण पाला वाळून आहे सारा. एक ठिणगी पडली की झालं."

"माह्या बापापासून आमी वर रोडगे करतो. तवा नाई पेटलं जंगल."

"तवाचे कायदे येगळे होते, काका," तो माणूस अगदी गोड बोलला. "गोवऱ्या इथंच ठेवा. कोणी हात लावत नाई."

यांनी बाजूला बघितलं. तिथे चहाची टपरी होती, टपरीत चूल होती, आणि चुलीत लाकडं ओली असल्यानं नुसता धूर होत होता. टपरीवालीनं आमच्या डिकीकडे एकदाच बघितलं, पण यांना तेवढं पुरलं. घरच्या गाईच्या, यांनी स्वतः उन्हात उलटपालट करून वाळवलेल्या गोवऱ्या होत्या.

"तुमी जा," हे म्हणाले. "मी काई पहिल्यांदा पाह्यतो काय किल्ला? मी बसतो इथं."

असे गोवऱ्यांचे राखणदार म्हणून आमचे हे नाक्यावर राहिले. मला इतकं हसू आलं की जिप्सीत चढताना गुडघा दुखायचा राहून गेला. हसू का आलं ते पोरांना वर गेल्यावर कळलं.

नरनाळ्याला एकामागून एक दरवाजे आहेत. शेवटचा महाकाली दरवाजा सगळ्यांत देखणा. खडकाळ डोंगरात कुणी तरी नक्षीदार पेटी उघडून ठेवावी तसा. दगडात कोरलेली कमळं, वर कोरलेली अरबी अक्षरं, दोन्ही बाजूंना जाळ्या असलेले सज्जे. किल्ला गोंड राजांचा की बहमनी सुलतानांचा यावर आमच्या सोबतच्या खात्याच्या माणसाचं आणि जिप्सीच्या ड्रायव्हरचं तिथेच थोडं वाजलं. नात दोघांचंही ऐकत नव्हती. ती मान वर करून कमळं डोळ्यांत भरून घेत होती. फोटो काढायचे नाहीत, असा तिचाच नियम. बाबा म्हणतात, फोटो बघून केलेला किल्ला कच्चा असतो.

दरवाज्याच्या आत, डाव्या अंगाला, एक दगडी ओटा आहे. बसून बसून गुळगुळीत झालेला. मी तो लगेच ओळखला.

"हे बघा," मी पोरांना म्हणाले, "इथे तुमची आजी बसली होती."

"कधी?"

"लग्न झालं त्या वर्षी."

मग त्यांना त्या बाईची गोष्ट सांगितली. ती बाई म्हणजे अमरावतीची बी.ए. झालेली नवी नवरी. बी.ए. ला इतिहास होता, त्यामुळे किल्ल्यावर आपल्यापेक्षा कुणाला जास्त कळणार नाही अशी तिची खात्री. सासरची माणसं शेतकरी, बैलगाड्या जुंपून पहाटेच निघालेली, बायका चापूनचोपून नऊवारी नेसलेल्या, पायात जाड वहाणा. आणि ही? पिवळी जॉर्जेट, डोळ्यावर काळा चष्मा, खांद्याला पर्स, आणि पायात उंच टाचेचे सँडल. टाच पेन्सिलीएवढी. पर्समध्ये काय, तर आरसा आणि कंगवा. किल्ल्यावर राणीसारखं उभं राहून फोटो काढायचा बेत होता. कॅमेरा कुणाकडेच नव्हता, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मग?" नातू ओट्यावर चढून बसला होता.

मग पायथ्याला गाड्या सोडून सगळे पायी चढले. बाई टकटक करत चढली. दोन्ही हातांनी साडी उचलून, मान ताठ. नणंदांनी आपसात पैज लावली होती की ही कुठल्या दरवाज्यात बसते. महाकाली दरवाज्यापर्यंत आली, हे तिचं कौतुकच म्हणायचं. आणि इथे, या दोन दगडांच्या फटीत, टाच अडकली आणि कडाड मोडली.

पोरं खो खो हसली. "मग अनवाणी जायचं ना!"

"तुमचे आबा तेच म्हणाले. वरचं तळं अन् तोफ एवढंच राहिलं, चाल ना व, काढ त्या चपला. तर ती बाई काय म्हणाली माहीत आहे?" मी ओट्यावर बसून, मान वाकडी करून त्या बाईचा आवाज काढला. "मी इथूनच बघते. खरं शिल्पसौंदर्य प्रवेशद्वारातच असतं. वर काय, नुसते भग्नावशेष!"

जिप्सीचा ड्रायव्हरसुद्धा हसला.

सगळे वर गेले. बाई दरवाज्यात बसली, रोडग्यांच्या कणकेची टोपली राखत. वरून पोरांचे आवाज येत होते, कुणी तोफेत तोंड घालून ओरडत होतं, आणि इथे ही माकडांना हाकलत होती. चष्मा लावूनच. माकडांवर चष्म्याचा काही परिणाम होत नव्हता. मोडकी टाच तिनं पर्समध्ये ठेवली, कंगव्याशेजारी.

"पणजी रागावली का?" नातीनं विचारलं.

नाही रागावली. हीच तर गोष्ट मला इतक्या वर्षांत नीट सांगता आलेली नाही. सगळे परत आले तेव्हा नणंदा तोंडाला पदर लावून हसत होत्या. सासूबाई शेवटी आल्या. त्यांनी पदरात वरची दोन सीताफळं आणली होती. माझ्या ओटीत टाकली आणि म्हणाल्या, "तिथली आहेत. तळ्याकाठची." म्हणजे तू वर आली नाहीस तरी वरचं काही तरी तुला मिळालं, असं. मग पायातल्या वहाणा काढून माझ्यासमोर ठेवल्या. "घाल. उतराचं आहे." मी नको नको म्हणाले. खरं सांगायचं तर त्या बी.ए. बाईला सासूच्या पायांची काळजी वगैरे काही नव्हती. त्या वहाणांना टायरचे तळ होते आणि पिवळ्या जॉर्जेटवर त्या कशा दिसतील, असा तिला प्रश्न पडला होता! सासूबाईंनी तिच्याकडे एकदा वरून खालपर्यंत पाहिलं. "घाल व माय, कोण पाह्यते इथं तुले? माकडंच त आहेत." आणि डोंगर सगळा अनवाणी उतरल्या.

"मग तू परत कधीच वर गेली नाहीस?" नात.

"नाही ना. कधी ताप आला, कधी कापसाची वेचणी. तुझा बाबा गेला तेव्हा तो आबांच्या खांद्यावर होता. या ओट्यापाशी आबांनी त्याला दाखवलं, इथे तुही माय बसली होती. तेव्हापासून त्यालाही तेवढंच लक्षात."

नातीनं माझ्या गुडघ्यांकडे पाहिलं. "आजी, मग आताही तू इथे बस. आम्ही पटकन बघून येतो."

पोर चांगल्या मनानंच बोलली. आणि ओटा तर इतका सवयीचा झाला होता! मी म्हणणारच होते, हो जा तुम्ही. तेवढ्यात नातू खाली वाकून माझ्या पायांकडे निरखून बघायला लागला. मुलानं आणून दिलेले पांढरे बूट होते माझ्या पायात, बदकाच्या पायांसारखे रुंद.

"आजी, आज तर काहीच तुटलं नाहीये," तो म्हणाला.

काठी घेतली आणि उठले.

वर चढायला फार नव्हतं, पण माझ्यासाठी होतं. नात पुढे जाऊन परत येत होती, हात देत होती, आणि माझ्याशी बोलायच्या निमित्तानं किल्ला पाठ करत होती. "दरवाजा, मग डावीकडे वळण, मग पडकी भिंत, मग तळं. आजी, तळं कसं होतं? लांबट ना?" तळ्याकाठी सीताफळाची झाडं अजून होती. एक फळ माकडानं अर्धं खाऊन टाकलेलं दिसलं. मी त्या झाडांशी उगाच जरा वेळ थांबले. नातीला वाटलं, दम लागला म्हणून. तेही होतंच.

आणि मग तोफ. लांबच लांब, एकटी, कड्याकडे तोंड करून पडलेली. नातू तिच्यावर चढायला गेला आणि खात्याच्या माणसाची बोलणी खाल्ली. मी तोफेच्या बाजूला उभी राहून खाली बघितलं. खाली सगळं वऱ्हाड पसरलेलं. कापसाचे पांढरे ठिपके पडलेली वावरं, सोयाबीन निघून गेलेली काळी, संत्र्यांचे गर्द चौकोन. हिवरखेड त्यात कुठे तरी. ज्या शेतात मी इतकी वर्षं भाकरी घेऊन गेले, तिथून हा डोंगर रोज दिसायचा. डोंगरावरून शेत कसं दिसतं, हे मात्र आज कळलं. त्या वेळी बाई शिल्पसौंदर्य बघत खाली बसली होती. भग्नावशेष म्हणे! अगं गाढवे, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हटलं नाही, पोरं होती.

नात डोळे मिटून उभी होती, ओठ हलत होते. किल्ला पाठ झाला होता.

रोडगे मग हिवरखेडच्या शेतात, लिंबाखाली झाले. गोवऱ्या शाबूत होत्या. एकच कमी होती, ती यांनी स्वतःच टपरीवालीला दिली होती, चहा चांगला झाला नाही म्हणून. पोरांनी राख फुंकत फुंकत रोडगे खाल्ले, हातकोपरांवरून तूप ओघळलं. निघताना किल्ल्याच्या मातीचा विषय आला.

"रस्त्यानं मुरूम घेऊ एक पोतं," मी म्हटलं.

"मुरूम कायले?" हे ताडकन म्हणाले. "आपल्या वावरातली माती असताना? अशी माती पुण्याले भेटन काय?" त्यांनी मूठभर माती उचलून नातीच्या नाकासमोर धरली. काळीभोर, ओलसर, लोण्यासारखी. "पाह्य. दाबली की दबते. हिचा किल्ला कर. तुया बाप पाहातच राहीन."

आता आम्ही दोघंही जन्मभर काळ्या मातीत. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, भेगेत विळा पडला की सापडत नाही, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? आमच्याकडे घरंसुद्धा कधी काळ्या मातीची बांधत नाहीत, गावठाणातली पांढरी आणतात. पण शेतकऱ्याला त्याच्या मातीत फक्त पीक दिसतं. यांना कौतुक दिसलं आणि मला यांचं कौतुक दिसलं. पोती भरली.

धनतेरसेला किल्ला उभा राहिला. काळाकुळकुळीत, ओला, चकाकणारा. नातीनं डोळे मिटून मिटून तो आठवणीतून काढला. दरवाज्याची जाळी तिनं शेवेच्या सोऱ्याची चकती मातीत दाबून उठवली. कमळांच्या जागी माझ्या पणत्यांची रांग. तोफेला आबांच्या मोडक्या छत्रीची दांडी. मावळे इथल्या बाजारात मिळेनात, म्हणून पोरं तान्ह्या पोळ्याला मिरवतात तो लाकडी नंदीबैल हत्ती झाला. आजूबाजूच्या बायका बघायला आल्या. हे दाराशी उभे राहून प्रत्येकीला सांगत होते, "माती आपल्या वावरातली आहे."

नरक चतुर्दशीला सकाळी केसाएवढी रेघ दिसली. दुपारपर्यंत ऊन तापलं आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बुरुजाला बोट जाईल एवढी भेग. नातीनं ओल्या मातीनं भेग भरली. पाडव्याला पाहिलं तर भरलेल्या भेगेच्या दोन्ही बाजूंना नव्या भेगा, आणि बुरूज तळ्यात. तट मधोमध दुभंगलेला. हळीव भेगांतून डोकावत होते.

नात त्याच्यासमोर उभी राहिली. "उद्या बाबा येणार," ती म्हणाली. मग आबांकडे वळून ओरडली, "तुमची मातीच वाईट आहे!"

यांच्या मातीला आजवर कुणी वाईट म्हटलं नव्हतं. हे वळले. आत गेले. मला वाटलं, रुसले. तर बाहेर आले ते शेणाची बादली आणि गव्हाच्या कुटाराचं पोतं घेऊन. आमच्याकडे भिंत लिंपतात तसं माती, शेण आणि कुटार कालवायला बसले. पाडव्याची ओवाळणी म्हणून मी ताट घेऊन उभी, आणि हे नवा सदरा घालून कोपरापर्यंत शेणात. मी तसंच ओवाळलं. कपाळाला कुंकू लावताना म्हटलं, "अहो, किल्ला गेला त गेला. पोरगी त येईन जवळ."

"पोरगी कुठी गेली?" ते म्हणाले. "ते पाह्य."

नात मागे येऊन उभी होती. पाणी शिंपडायचा लोटा तिनं उचलला नाही, सॉरीही म्हटलं नाही. गोळा उचलून भेगेत भरायला लागली आणि म्हणाली, "आबा, पाणी थोडं थोडं टाका. तुम्ही एकदम टाकता."

दरवाजा तेवढा नीट उभा राहिला, कारण तो जाड होता. एका बाजूचा तट वाचला. बुरूज गेले ते गेलेच. मी म्हटलं, खरा नरनाळाही असाच पडका आहे. नातीनं ऐकलं नाही. "पडका सगळेच किल्ले असतात. बाबा कसे ओळखतील?"

नातवाला कुणी काही करू देत नव्हतं. म्हणून त्यानं एकट्यानं एक बाहुली केली आणि दरवाज्याच्या आत, डावीकडच्या ओट्यावर ठेवली. बसलेली बाई. डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी, कारण चष्मा. शेजारी मातीच्या दोन चपला, एकीची टाच नाही.

"किल्ल्यात आजी नसते!" नात ओरडली.

"होती ना," तो म्हणाला.

ती बाहुली काढणारच होती, पण हात शेणानं भरलेले होते. राहून गेली.

भाऊबीजेला सकाळी रिक्षा दारात थांबली. मुलगा उतरला, दाढी वाढलेली, डोळे लाल. सूनबाईनं मागे पिशव्या घेतल्या. नात फाटकाशीच आडवी उभी. "आधी किल्ला."

मुलगा अंगणात आला आणि थांबला. भेगांचं एक काळं ढेकूळ, त्यात शेणाची ठिगळं, हिरवे हळीव, तळ्यात नंदी. सूनबाईनं काही तरी बोलायला तोंड उघडलं, मी तिचा हात दाबला. नातीच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. ती फक्त बापाचे डोळे कुठे फिरतात ते बघत होती.

"तळं आहे," तो म्हणाला. "तोफ आहे. गाविलगड...?"

आबांनी खोकायला सुरुवात केली. "आबा, नाही!" नात म्हणाली. खोकला बंद.

मुलगा एक चक्कर मारून आला. मग उकिडवा बसला, दरवाज्यात वाकून बघितलं. आणि बघता बघता त्याचे खांदे हलायला लागले. त्यानं माझ्याकडे मान वळवली.

"आई! तुह्या चपला!"

"किल्ल्याचं नाव सांगा," नात म्हणाली.

"नरनाळा. दुसरं काय असणार? नरनाळाच आहे हा."

नातीनं मोठा श्वास सोडला आणि लगेच भुवया आखडल्या. "तुम्ही आजीवरून ओळखला. किल्ल्यावरून नाही. हे चालणार नाही."

मुलगा तिच्याकडे वळला. रात्रभर झोप न झालेल्या माणसाला जेवढं गंभीर होता येतं तेवढा गंभीर झाला. "बाई तर कुठेही बसेल. मी हा दरवाजा बघितला म्हणून मला कळलं ना, ही बाई कोण ते. ही जाळी, ही कमळं, अन् ओटा नेमका डाव्या हाताला. मी आबांच्या खांद्यावर होतो तेव्हा असाच दिसत होता." मग हळूच विचारलं, "पाणी कुणी शिंपडलं?"

"आबांनी," नात म्हणाली. "तेही मी सांगेन तेवढंच."

हे अंगणात उभे राहून मिशीत हसले. माती आपल्या वावरातली आहे, हे मात्र या वेळी कुणाला सांगितलं नाही.

मी भाऊबीजेच्या ताटाला लागले. बाहेर बघते तर नात किल्ल्यापाशी वाकलेली. तिनं बाहुली दरवाज्यातून अलगद उचलली, वळणावरून नेली, तळ्याकाठी जरा थांबवली आणि छत्रीच्या दांडीच्या तोफेशेजारी उभी करून ठेवली. बसलेली बाहुली उभी राहीना, म्हणून तिला तोफेला टेकवलं.

"आणि चपला?" नातू हातात दोन्ही घेऊन उभा. "वर नेऊ?"

नातीनं माझ्याकडे बघितलं.

"चपला राहू दे खाली," मी म्हटलं.